वीस अंशांचे कपडे

दोन आकड्यांमध्ये चार अंशांचा फरक होता, आणि आधी तिला हसूच आलं. शनिवारची दुपार होती. ढब्बू त्याच्या कठड्याच्या पलंगात उताणा, दोन्ही मुठी कानांशी नेऊन, तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता. सोमवारी तिला परस्पर एका रुग्णालयात लशींचे फ्रिज तपासायला जायचं होतं, म्हणून प्रयोगशाळेतलं मास्टर थर्मामीटर ती कालच घरी घेऊन आली होती. बॅटरी किती उरलीय ते बघावं म्हणून तिनं पेटी उघडली आणि जवळचं म्हणून बाळाच्या कपड्यांच्या कपाटावरच ते सुरू करून ठेवलं. शेजारी खोलीचं थर्मामीटर होतं, पांढरं, गोल, छोट्या बशीएवढं. मास्टरनं दाखवलं २४.०. पांढऱ्यानं २०.०. लोकांची थर्मामीटरं तपासत फिरते आणि माझ्याच घरात ही बोंब, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि सवयीनं तिनं घड्याळात पाहून दहा मिनिटं जाऊ दिली. मग दार सताड उघडलं. आकडे हळूहळू उतरले. २३.६ आणि १९.६. दोन्ही यंत्रं उचलून ती खोलीबाहेरच्या बोळात गेली, तिथं जोड्यांच्या फळीवर ठेवून उभी राहिली. २२.१ आणि १८.१. आता तिला हसू येत नव्हतं. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. बेकऱ्यांची, शीतगृहांची, दवाखान्यांची थर्मामीटरं पाण्याच्या टाकीत बुडवून मास्टरशी ताडून बघायची आणि कोण किती चुकतंय ते लिहून द्यायची. शेजारच्या टेबलावर वजनकाटे तपासणारे काका बसत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते तिला म्हणाले होते, "फरक आज एक आणि उद्या दोन असला, तर यंत्र बिघडलंय. कुठंही ठेवा, तेवढाच्या तेवढा असला, तर मी यंत्र बघत नाही. कोणी हात लावला ते बघतो."

पांढरं यंत्र तिनं उलटं केलं. मागं तिच्याच सहीचं लेबल होतं. ढब्बूच्या जन्माआधी तीन आठवडे, पोट सांभाळत, जेवणाच्या सुट्टीत तिनं ते टाकीशेजारी बसून तपासलं होतं. चूक एका दशांशाचीसुद्धा नव्हती. तारीख घातली होती, सही ठोकली होती, आणि काका म्हणाले होते, "आता या पोराला तापमानाची चिंता नाही, आईनं सर्टिफिकेट देऊन ठेवलंय." लेबलाखाली एक बारीक बटण होतं. ते तीन सेकंद दाबून धरलं की दुरुस्तीचा आकडा दिसतो, म्हणजे यंत्र जे मोजतं त्यात किती मिळवायचं किंवा वजा करायचं तो. तिनं नखानं दाबून धरलं. उणे ४.०. बोळात कुठूनतरी धुतलेल्या फरशीचा वास येत होता. तिच्या तळव्यांना फरशी गार लागली, आणि आपण अनवाणी उभ्या आहोत हे तिला आत्ता कळलं. कोणी, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलासुद्धा नाही. घरात तीन मोठी माणसं. तिनं हे केलं नव्हतं. सासूबाई त्या यंत्राला घड्याळ म्हणत आणि चष्म्याशिवाय त्यांना त्यातलं काही दिसत नसे. तरी मन उगाचच इकडंतिकडं पळालं: कारखान्यातूनच असं आलं असेल, बटण आपोआप दाबलं गेलं असेल, साफसफाई करताना. पण आपोआप दाबलं गेलेलं बटण बरोबर चारवर थांबत नाही, आणि कारखान्यातून आलेलं तिनं स्वतः तपासलं होतं. शिकलेली विद्या नेमकी नको तेव्हा आडवी येत होती.

नवरा दाताचा डॉक्टर होता. त्यांची ओळखच मुळी तिच्या अक्कलदाढेवरून झाली. आधीच्या दोन डॉक्टरांनी तिला काही होणार नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल, असं सांगून रडवलं होतं. हा दिव्याच्या उजेडात वाकून म्हणाला होता, "दुखेल. चांगलंच दुखेल. पण अकरा आकडे मोजेपर्यंत." आणि ती मनात मोजत गेली, आणि अकराला दुखणं खरोखरच सरलं. त्या अकरा आकड्यांवर तिनं लग्न केलं असं मैत्रिणी चिडवायच्या, आणि ते खोटं नव्हतं. लहानपणापासून तिला अंदाजानं बोलणाऱ्या माणसांचा धसका होता. बाप येतो म्हणून जायचा आणि कधी येतो ते सांगायचा नाही. आई पाच मिनिटं म्हणायची आणि ती शाळेच्या फाटकाशी तासभर उभी राहायची. आकडा सांगणारा माणूस तिला भरवशाचा वाटला. आता बोळात उभं राहून तिला पहिल्यांदाच वाटलं की तेव्हा मोजत आपण होतो, पण अकरा हा आकडा त्यानं ठरवलेला होता. बाईला कितीवर धीर धरवतो हे त्याला तोंड बघून कळायचं. धंद्याचाच भाग तो. मग तिला स्वतःची लाज वाटली, कारण एवढ्या वर्षांचं सगळं एका बटणावरून नासवायला आपण निघालो आहोत असं वाटलं. आणि लगेच तिला आठवलं की गेले दोन महिने ती सारखी म्हणत होती, उकडतंय.

सासूबाई ढब्बूला पाहायला आल्या त्या थंडीच्या सुरुवातीला, तो जेमतेम दोन महिन्यांचा असताना. बाळंतपणानंतर घरी येऊन गेलेल्या नर्सनं सांगितलं होतं, झोपायची खोली अठरा ते वीस, फार तर एकवीस. अंगात एक पातळ कपडा, त्यावर झोपायची पिशवी, डोक्यावर टोपी नाही, अंगावर मोकळं पांघरूण नाही. हातपाय गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेमागं हात लावून बघायचं. मान घामेजली की बाळाला गरम होतंय. तिनं ते कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. सासूबाईंना मात्र वीस अंशांत हुडहुडी भरायची. त्यांचे सांधे धरायचे. त्यांची खोली आणि बाळाची खोली एकाच हीटरवर चालायची, आणि त्या हीटरच्या खुंटीवर अंश नव्हतेच, नुसते एक ते सहा आकडे. सासूबाई जाता-येता खुंटी चारवर न्यायच्या, ती दोनवर आणायची. आठवडाभर कोणी काही बोललं नाही, पण खुंटी दिवसातून दहा वेळा फिरत होती. रात्री ती तासातासाला उठून पांढऱ्या यंत्राचा आकडा बघायची. एकदा बाथरूममध्ये बसून ती हमसाहमशी रडली, तेव्हा नवरा दाराबाहेर टेकून म्हणाला, "तू आता खुंटीला हात लावू नकोस. आईपण लावणार नाही. ते मी बघतो. तू फक्त थर्मामीटर बघ, वीसच्या वर गेलं तर मला सांग." दुसऱ्या दिवसापासून थर्मामीटर वीसच्या वर गेलं नाही. सासूबाई खूश, ती खूश. ती झोपायला लागली. सलग चार तास, मग पाच तास. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिला सकाळी आरशात स्वतःचा चेहरा ओळखू आला. त्याच दिवसांत ती म्हणायची, अरे, उकडत नाहीये का तुला? तो यंत्राकडं बोट दाखवायचा. "वीस आहे बघ. बाळंतपणानंतर होतं असं, शरीर ताळ्यावर यायला वेळ लागतो." आणि ती मानायची. केस मानेला चिकटलेले असायचे, पाठीवरून घामाची धार खाली उतरायची, आणि ती आकड्याकडं पाहून स्वतःच्या कातडीला खोटं ठरवायची. याच्याइतकं अपमानकारक तिला दुसरं काही आठवेना. त्यानं फसवलं ते एकीकडं, पण तिच्याच अंगाला तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला लावली.

ढब्बू आतमध्ये हलला. ती धावत खोलीत गेली आणि त्याच्या मानेमागं बोटं घातली. ओली होती. मानेच्या वळीत ते लाल बारीक पुरळ, जे पाच आठवडे तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. पिशवीची चेन तिनं हळूच खाली ओढली आणि तसं करताना तिला तो दवाखाना लख्ख दिसला: भिंतीवर कागदी मासे, वजनाच्या काट्यावर ओरडणारं कोणाचं तरी बाळ, आणि ढब्बूचा सदरा वर करून बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाई. "घामोळ्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या होत्या. "खोली फार गरम ठेवता का?" आणि तिनं, मान ताठ करून, म्हटलं होतं, "वीस. वीसच्या वर जातच नाही. माझं कामच ते आहे डॉक्टर." तेव्हा नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर बाळाच्या सामानाची पिशवी होती आणि तो त्या पिशवीच्या पट्ट्याचा पीळ सरळ करत होता. तिला तो पट्टा आठवला, निळा, आणि तो अंगठ्यानं एकेक सुरकुती काढत असलेला. बाई म्हणाल्या, मग घामोळं नसावं, दुधातून काही बाधत असेल. म्हणून तिनं अंडी सोडली, दाणे सोडले, दूध-दही सोडलं. पाच आठवडे ती उकडलेलं पांचट खात राहिली. त्यानं पुरळ गेलं नाही, म्हणून मलम झालं. मलमानं गेलं नाही, म्हणून दहा दिवसांपूर्वी रक्त काढलं. टाचेतून. ढब्बूचा पाय तेव्हा नवऱ्यानंच धरला होता, कारण तिला बघवत नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, आणि ढब्बूचा आवाज आधी आलाच नाही, मग एकदम आला, आणि तिच्या मागून नवरा म्हणत होता, "झालं रे राजा, झालं, झालंच." तो पाय धरून उभा होता आणि त्याला माहीत होतं. बाकी सगळं कदाचित तिला समजून घेता आलं असतं. खुंटी, बटण, आईचे सांधे, बायकोची झोप. पण तो पाय. ती पाळीपाळीनं दोन्ही टाचा बघत बसली. कुठं टोचलं होतं ते आता ओळखूही येत नव्हतं.

चारच्या सुमारास किल्लीचा आवाज आला. शनिवारी तो अर्धाच दिवस काम करायचा. हात धुऊन तो खोलीत डोकावला, आणि कपाटावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रं पाहून दारातच थांबला. तिनं काही विचारायची गरजच उरली नाही; त्याच्या चेहऱ्यावरून एक थकवा उतरत गेला, जणू बऱ्याच दिवसांचं ओझं कोणी उतरवून घेतलं.

"कधी सांगणार होतास?" ती म्हणाली. आवाज खाली होता, बाळ झोपलेलं होतं.

"आई परत गेली की शून्यावर आणणार होतो. तुला कळलंच नसतं."

"मी तेच विचारतेय."

तो पलंगाच्या कठड्याशी टेकला. "अगं, तुझी काय अवस्था झाली होती आठव. रात्रीतून दहादा उठत होतीस. आईला सोसत नव्हतं, तुला सोसत नव्हतं. मी मध्ये. चार अंशांनी सगळं घर शांत झालं. आणि चोवीस म्हणजे काही भट्टी नाही. उन्हाळ्यात माणसं याहून गरम खोलीत मुलं वाढवतातच की."

"उन्हाळ्यात त्यांना आत अंगडं आणि वर जाड पिशवी घालत नाहीत." ती आता कुजबुजतच होती, पण एकेक शब्द सुटा करून. "मी त्याला वीसचे कपडे घालत होते. रोज. यंत्र बघून. खोलीत चोवीस, आणि त्याच्या अंगावर वीसचे कपडे. तो बोलू शकत नाही, पिशवी काढू शकत नाही. उकडतंय म्हणून मी निदान बोलत तरी होते."

"मी येता-जाता बघत होतो त्याला. मान बघत होतो."

"मग मान ओली लागली नाही तुला?"

तो पिशवीची उघडी कड अंगठ्यानं सरळ करायला लागला.

"त्याचा पाय धरलास तू," ती म्हणाली. "सुई टोचताना. एका वाक्यानं थांबलं असतं ते."

"त्या क्षणी कसं सांगणार? तू डॉक्टरांना एवढं छातीठोक सांगितलंस. त्यांच्यासमोर तुला..." तो अडखळला. "तुझी फजिती झाली असती."

तिला वाटलं आपण आता ओरडू, पण तसं काही झालं नाही. माझी फजिती होऊ नये म्हणून. हे वाक्य तिच्या आत कुठं ठेवावं ते तिला कळेना. ते कुठंच मावत नव्हतं. वाईट हे की तो खरं बोलत होता. त्याला खरंच तिची दया आली असणार, तिथं, कागदी माशांखाली. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तिला एका दिशेला तोंड करून चालू लागता आलं असतं. तो तिला सांभाळत होता, सासूबाईंना सांभाळत होता, आणि सांभाळता सांभाळता घरातल्या सगळ्यांना त्यानं खुर्चीत आडवं करून, तोंड उघडायला लावून, दिव्याखाली ठेवलं होतं.

कुजबूज ऐकून सासूबाई आल्या. हातात विणकाम, चष्मा कपाळावर. "काय झालं? झोपलाय ना तो?" त्यांनी दोघांकडं पाहिलं. तिनं सांगून टाकलं, सरळ, न चढवता न उतरवता: खोली इतके दिवस वीस नव्हती, चोवीस होती, आणि मला ते माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं सासूबाई मुलाची बाजू घेतील, किंवा म्हणतील की आमच्या वेळी असली यंत्रं नव्हती. पण त्यांनी विणकाम नुसतं छातीशी धरलं.

"तुला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "हा मला म्हणाला, तीच म्हणते की आईंना सोसत नाही तर राहू दे गरम. बाळाला मी कपडे कमी घालेन म्हणाली." त्या मुलाकडं वळल्या. "असंच म्हणालास ना रे तू? माझ्यासमोर बसून?"

तो म्हणाला, "आई, तू बस आधी."

"मी किती बोलले असेन मनात हिच्याबद्दल. की पोरगी वरून कडक आहे, पण मनानं मोठी आहे. फोनवर माझ्या बहिणीला सांगितलं." त्यांनी विणकाम कपाटावर ठेवलं. "दोन महिने मी हिच्या उपकारात राहतेय असं समजत होते. म्हणून मी भांडी घासायचे, म्हणून गप्प बसायचे. आणि हिला पत्ताच नाही."

त्या तशाच चालत हीटरपाशी गेल्या आणि खुंटी उलटी फिरवली, बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत फिरवली. मग स्वतःच्या खोलीत गेल्या. ती त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. गेले दोन महिने या बाईच्या गोडव्याचा तिला संशय येत होता. उगाच चहा आणून द्यायच्या, उगाच खांद्यावर हात ठेवायच्या, आणि ती अंग चोरायची. हिला काय हवंय माझ्याकडून, असं तिला वाटायचं. त्यांना काही नको होतं. त्या फेड करत होत्या, तिनं कधी न केलेल्या गोष्टीची.

"डॉक्टरांना फोन लाव," ती नवऱ्याला म्हणाली. "सहापर्यंत असतात त्या. सोमवारी पुढच्या तपासण्या लिहून देणार आहेत. त्याआधी त्यांना आकडा कळायला हवा."

"मी?"

"तू."

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं फोन लावला. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. फोन उचलला गेला तसा त्याचा आवाज बदलला, दवाखान्यातला झाला, मऊ आणि गुळगुळीत. "हां डॉक्टर, नमस्कार. त्या पुरळाबद्दल जरा. नाही नाही, बरा आहे. ते तुम्ही तापमान विचारलं होतं ना, ते आमच्या घरातल्या थर्मामीटरमध्ये थोडा फरक निघाला. तीन-चार अंशांचा. हो ना. यंत्रांचं काय सांगावं, बिघडतात कधी कधी." आणि तो हसला. अगदी छोटं हसू, एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरशी हसावं तसं. हसताना त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत विनवणी होती, एवढं चालवून घे. आजवर तिनं कितीतरी गोष्टी चालवून घेतल्या असतील, त्या वेळी ही नजर ओळखता न आल्यामुळं. तिनं हात पुढं केला. त्यानं फोन दिला; न द्यायचं त्याला सुचलं नाही.

"डॉक्टर, यंत्र बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "मी आज तपासलंय. त्यात मुद्दाम चार अंश वजा करून ठेवले होते. खोली चोवीस होती आणि बाळाला कपडे विसाचे होते. दोन महिने."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. आधी खोली उतरवा, कपडे कमी करा, पुढच्या तपासण्या थांबवू आपण. आणि... कोणी केलं हे?"

"ते हेच सांगतील," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात परत दिला.

तो काय सांगतो ते ऐकायला ती थांबली नाही. ऐकलं असतं तर ते खरं की खोटं हे ठरवावं लागलं असतं, आणि ते ठरवायला आता तिच्यापाशी काही साधन नव्हतं. त्याच्या बोलण्यापलीकडं जाऊन ताडून बघावं असं दुसरं काही तिनं कधी जवळ ठेवलंच नव्हतं. ती बाळाच्या खोलीत येऊन खाली जमिनीवर बसली. ढब्बू आता नुसत्या अंगड्यावर होता, पाय हवेत किंचित झाडत होता. पुरळ पुढं आठ-नऊ दिवसांत मावळलं आणि परत कधी आलं नाही, पण त्या संध्याकाळी ती ते जाणत नव्हती. हीटर थंड होताना मधूनच टक टक वाजत होता. बाहेरचा ओव्हरकोट घालून, गळ्याशी गुंड्या लावून सासूबाई आत आल्या आणि तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या. स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"काय सांगतोय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"विचारणार नाहीस?"

"नाही आई."

त्यांनी हात कोटाच्या बाह्यांमध्ये लपवले. त्यांना थंडी वाजत होती, दिसत होतं. तिनं स्वतःची शाल काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. हे मात्र तिनं खरंच केलं होतं, आणि सासूबाईंनी त्या शालीकडं अशा नजरेनं पाहिलं की घ्यावी की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी ती ओढून घेतली. पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज झाला आणि नवऱ्याची पावलं दाराच्या दिशेनं आली. सासूबाई उठल्या, शाल स्टुलावर ठेवली.

"तू बस," त्या म्हणाल्या. "मी विचारते."

त्या बाहेर गेल्या आणि दार त्यांनी आपल्यामागं ओढून घेतलं.